चारशे ताटं आणि एक निमित्त

प्लास्टिकचा ग्लास अर्धा वासराच्या तोंडात होता आणि अर्धा बाहेर, आणि तो बाहेरचा अर्धा नमिता दोन्ही हातांनी ओढत होती. अंगावर लग्नात नेसायची मोरपंखी साडी, पदर कमरेला खोचलेला, चपला कुठे सुटल्या त्याचा पत्ता नाही. मांडवात अर्धं आंजी गाव जेवत होतं. उरलेलं अर्धं हात धुऊन मांडवामागे उष्टी प्लेट भिरकावून जात होतं, आणि त्या ढिगावर गावातली सगळी गुरं पाहुण्यासारखी जमली होती.

मागून कोणीतरी येऊन उभं राहिलं. नमिताने वळूनही पाहिलं नाही.

"पाहून काय राह्यले? जबडा धरा ना त्याचा."

येणाऱ्याने नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि जबडा धरला. वासराने हिसका दिला, ग्लास निघाला, आणि लाळेचा पट्टा सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत ओढला गेला. माणूस हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, उजव्या. नमिताने ती पाहिली आणि आपण पाहिलीच नाही असं स्वतःला सांगितलं.

"हे इकणाऱ्याच्या पानात वाढलं पायजे," ती ग्लास झटकत म्हणाली.

"वाढा. मी समोरच उभा आहो."

तेव्हा कुठे तिने नीट पाहिलं. बाजारओळीतल्या प्रभाकररावांचा प्रफुल. पत्रावळ्या, द्रोण, ग्लास, चमचे, एकदा वापरून फेकायचं जे जे म्हणून आहे ते सगळं पंचक्रोशीला त्यांच्याच दुकानातून जायचं. दुसरी एखादी असती तर लाजली असती, सॉरी म्हणाली असती. नमिता हरिभाऊ मास्तरांची मुलगी. लाजणं तिला शिकवायचं राहून गेलं होतं.

"बरं झालं. पत्ता पुसाचं काम वाचलं," असं म्हणून तिने तो चिकट ग्लास त्याच्या तळहातावर ठेवला आणि चपला शोधायला निघून गेली.

त्याने तो फेकला नाही. पण हे तिला कळायला पुढे तीन महिने लागले.

त्या वासराने नमिताची झोप उडवली. वर्ध्याच्या एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची ती, साडेचारच्या बसने गावात परतायची. दुसऱ्याच दिवशी बसमधून उतरली ती थेट बचत गटाच्या बायकांत जाऊन बसली. म्हणाली, घरटी एक स्टीलचं ताट द्या. शाळेच्या जुन्या खोलीत ठेवू. ज्याच्या घरी कार्य निघेल त्याने न्यावं, घासून परत आणावं. फेकायचं काही राहणारच नाही. बायका आधी हसल्या. आपल्या घरचं ताट गावाला द्यायचं म्हणजे काय, म्हणाल्या. पण बायकांचं कसं असतं, एकीने दिलं की दुसरीला मागे राहवत नाही. दीड महिन्यात चारशे ताटं झाली. आंजीची भांडी-बँक.

आणि प्रत्येक ताटावर नाव. आपल्याकडे बिननावाचं भांडं म्हणजे वाटेवर सापडलेलं. लग्न असो, वास्तू असो, मुलगा दहावी पास झालेला असो, भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख कोरून घ्यायची. गोंडस रीत आहे. पण त्या रीतीला एक काटा होता, आणि तो नमिताला पहिल्याच जेवणात रुतला.

जावळाचं जेवण होतं. एका मोठ्या मिशीच्या माणसाने ताट हातात घेतलं, कडेवरचं नाव वाचलं, आणि ताट बाजूला सारून पत्रावळ मागितली. नाव नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातलं होतं. त्याचं पाहून आणखी चौघांनी तेच केलं. तोंडाने कोणी काही बोललं नाही. असली माणसं बोलत नाहीत, नुसती ताट सारतात. नाल्यापलीकडची रुख्माबाई तिकडे मोरीवर भांडी घासत होती. सत्तरीला टेकलेली, बांबूच्या काठीसारखी ताठ. तिने पाहिलं, आणि राखेची मूठ भरून पुढचं ताट घासायला घेतलं.

गटातल्या बायकांनी तोडगा काढला की सगळी नावं घासून मिटवून टाकू, कोणाचं कोणतं हे कळलंच नाही म्हणजे भांडण नाही. नमितालाही ते पटलं. शिकलेल्या पोरींचं असं होतं कधीकधी. जखम धुवायची सोडून त्यावर कागद चिकटवतात. नावं घासायची मशीन गावात एकाच घरी होती. प्रभाकररावांचं दुकान मुळात स्टीलच्या भांड्यांचं, नाव टाकायची मशीनही त्यांचीच. पंधरा वर्षांमागे प्लास्टिक आलं आणि मशीन माळ्यावर गेली.

निरोप गेला. प्रफुल मशीन घेऊन शाळेच्या व्हरांड्यात हजर झाला. एवढ्या तत्परतेने तो आयुष्यात कशालाच हजर झाला नव्हता.

सगळ्यात वरचं ताट त्याने उचललं. मशीनवर कोरलेलं नव्हतं ते, जुन्या काळासारखं छिन्नीने ठोकून, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. तो मोठ्याने वाचू लागला. "चि. रूपरावच्या बारशानिमित्त, सुईणबाईस. आनंदाबाईकडून. आष्टी, १९७४."

"हे मिटवाचं?" त्याने विचारलं.

रुख्माबाई खांबाला टेकून बसली होती. तिने सांगितलं ते असं. तिचं माहेर आष्टीचं, आई सुईण. एका पावसाच्या दिवशी आई शेजारगावी गेलेली, आणि मोठ्या घरातली सून अडली. सून अठराची, रुख्माबाईही अठराची. तोवर आईच्या मागे बसून पाहिलं होतं तेवढंच. तरी गेली. पोर पायाळू होतं. दिवस मावळायच्या आत पोरही वाचलं, बाईही वाचली. बारशाला त्या बाईने घरच्यांशी वाद घालून हे ताट दिलं. तेव्हा गावात स्टील नवलाचं. रुख्माबाई त्यात कधी जेवली नाही. देवाचा नैवेद्य तेवढा त्यात दाखवायची. आता गावासाठी दिलं.

"मिटवा," ती शेवटी म्हणाली. "तुमाले सोयीचं होत असन तर मिटवून टाका."

प्रफुलने मशीन चालू केली नाही. नमिताला आपल्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. पदराने ते ताट पुसत ती म्हणाली, की एकही नाव मिटणार नाही.

"मंग एक करू," प्रफुल हळूच म्हणाला. "नाव राहू द्या. खाली एक ओळ टाकतो, सगळ्या ताटांवर सारखी. 'आंजी गावाचं ताट'. चारशे ताटं आहेत... दिवस लागतील."

"किती?"

"दिवसाले दहा झाले तरी... चाळीस दिवस."

नमिता कॉम्प्युटरवर काम करणारी. दिवसाला दहा हा हिशोब काय आहे ते तिच्या लगेच ध्यानात आलं.

मग रोज साडेचारची बस यायची आणि व्हरांड्यातून घर्रर्र आवाज सुरू व्हायचा. शेतांतला शेवटचा कापूस वेचून झाला होता. वाऱ्यावर उडत आलेला एखादा कापसाचा पुंजका तिच्या केसांत अडकायचा. तो सांगायचा, कापूस अडकलाय म्हणून. ती म्हणायची, राहू द्या. ती ताटावरची नावं वाचून दाखवायची, तो खाली ओळ कोरायचा. कितीतरी ताटांवर एकच वळण होतं, र ला लांब शेपूट, ठ पोटभर गोल. हे बाबांचं अक्षर, तो म्हणाला. लहानपणी दुकानात बसून तो हेच पाहायचा. लोक अक्षरासाठी वर्ध्याहून यायचे. आता बाबा बंडल मोजतात.

"दहाच काऊन होतात रोज?" एक दिवस तिने विचारलंच.

"मशीन गरम होते."

तिने मशीनवर हात ठेवला. थंड होती. तिने हात तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिलं. उजव्या गालाला खळी पडली.

"मशीन नाई होत मंग," तो म्हणाला.

शाळेमागचा पळस त्या आठवड्यात नुसता पेटला होता. नमिताने तिकडे तोंड फिरवलं, तरी तिच्या गालांवर आलेलं त्याला दिसायचं ते दिसलंच. विषय बदलायला तिने विचारलं, की गावाने ताटं दिली, तुमच्या घरचं कुठे आहे?

"निमित्त पायजे ना. बिना निमित्ताचं नाव टाकत नाईत आमच्या घरी."

"मंग शोधा निमित्त."

"सापडलं आहे," तो ताटावर वाकत म्हणाला. "तारीख नाई सापडली..."

अशा गोष्टी गावात झाकून राहत नाहीत. प्रफुलची बहीण आचल हिचं लग्न ठरलं, आष्टीचा मुलगा. आचलने बापाला सांगितलं, की माझ्या लग्नात भांडी-बँकेची ताटं पाहिजेत. प्रभाकरराव जेवत होते, हात तसाच राहिला. पत्रावळीवाल्याच्या घरच्या लग्नात पत्रावळ नाही, म्हणजे मिठाईवाल्याने घरच्या कार्याला गुळाचा खडा वाटण्यासारखं. आणि दुपारी पोरगा कुठे जातो तेही त्यांच्या कानावर होतं. मास्तरांचं घर चांगलं, पण आपल्यातलं नव्हे. त्यांनी निरोप धाडला की त्या पोरीला दुकानात बोलवा.

नमिता एकटी गेली. गल्ल्याशेजारी पेन ठेवायला एक प्लास्टिकचा ग्लास होता, कडेला वासराच्या दातांच्या खुणा. तिने तो ओळखला. पण आता हसायची वेळ नव्हती. आतून प्रमिलाबाईंनी, प्रफुलच्या आईने, पाणी आणून दिलं. स्टीलच्या गडव्यातून. नमिताने गडवा पाहिला, मग दुकानातले बंडल पाहिले, आणि पाणी पिऊन टाकलं. या घरात कधी कोणी प्लास्टिकमधून पाणी प्यालं नव्हतं हे तिला तेवढ्यात समजलं.

प्रभाकरराव म्हणाले, "घ्या तुमचे ताटं. पण आष्टीचे पाहुणे जुन्या वळणाचे आहेत. पंगतीत एकानं जरी ताट सारलं, तर ते चारशे ताटं ज्याचे त्याच्या घरी धाडून देजो. अन् मंग माह्या दुकानाची पायरी चढाची नाई. अन् पोट्ट्यानं शाळेची."

"अन् सगळे जेवले तर?"

"तर तू म्हणशील ते."

"लक्षात ठेवजा," नमिता म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.

दोन दिवसांनी लग्नाची पत्रिका आली. वराचे वडील रूपराव. आजी आनंदाबाई. गाव आष्टी.

नमिता ती पत्रिका घेऊन नाल्यापलीकडे धावतच गेली. रुख्माबाई तूर पाखडत होती. नमिताने वाचून दाखवलं, आणि म्हणाली की आता आपल्याला भीतीच नाही, ते ताट आजीबाईंच्याच पुढे मांडू. रुख्माबाईचं सूप थांबलं. मग तिने सांगितलं की नाही. नातवाच्या लग्नात बाईची मान खाली घालायला लावायची नाही. स्वतःहून जेवल्या तर जेवल्या. उपकाराची आठवण द्यायला तिने ते पोर हातात घेतलं नव्हतं. तिने नमिताकडून शब्द घेतला, की ते ताट खोलीतच राहील आणि गोष्ट पोटात.

नमिताने शब्द दिला. प्रफुललाही सांगता येईना. त्याने ते ताट महिन्यापूर्वी एकदाच वाचलं होतं, आणि घरी व्याह्यांना सगळे आडनावानेच म्हणायचे, म्हणून त्याला ते जुळलं नव्हतं.

"हरलो तर?" त्याने विचारलं. शेवटची दहा ताटं राहिली होती.

"हरलो तर... मी वासरं सोडवत राहीन, तुमी ग्लास विकत राहा."

"तो एक इकला नाई मी."

"पाहिला मी. पेन ठेवता त्याच्यात."

त्याने मशीन बंद केली. नाक्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला. मग तो म्हणाला, "नमिता, बाबा जिंकले तरी मी हरत नाई. एवढंच सांगाचं होतं." पहिल्यांदाच त्याने तिला नुसतं नमिता म्हटलं. तिने उरलेली ताटं त्याच्याकडे सरकवली. त्या दिवशी दहाची आठच झाली.

लग्न दुपारचं, शाळेच्याच पटांगणात. वरून ऊन, खाली सडा घातलेल्या मातीचा वास. बुफे नाही, पंगत. खोलीत राहिलेलं एक सोडून सगळी ताटं लखलखत मांडलेली, मांडवाच्या कापडातून ऊन त्यांवर पडून छताला नाचत होतं. प्रफुल वरणाची बादली घेऊन उभा, नमिता पोळ्या घेऊन. मोरीवर रुख्माबाई आणि गटाच्या बायका.

पहिल्या रांगेत मानाच्या पाटावर आनंदाबाई बसल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीतल्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, ताट उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि नाव वाचलं. नाल्यापलीकडच्या शकुंतलाबाईचं होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि दोन बोटांनी पुढे सारलं. एवढंच.

शेजारच्या बाईचा हात ताटावरच थांबला. रांगेतली पुढची बाई आपल्या ताटावरचं नाव शोधू लागली. प्रभाकररावांनी मांडवाच्या त्या टोकावरून नमिताकडे पाहिलं. जिंकल्याची नजर नव्हती ती. मुलीच्या लग्नात व्याह्यांची आई रुसली होती, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. प्रफुलने बादली खाली ठेवली. त्याचं तोंड उतरलेलं नमिताला दिसलं. तिच्या जिभेवर १९७४ साल येऊन थांबलं होतं. एक वाक्य, आणि सगळं तिचं झालं असतं. पण दिलेला शब्द होता. तिने पोळ्यांची टोपली घट्ट धरली आणि ओठ मिटून उभी राहिली.

मोरीवरची राखेची खरखर थांबली.

रुख्माबाई उठली. मोरीवर बसून तिने सगळं पाहिलं होतं, आणि पोरगी शब्दापायी सगळं हातचं सोडते आहे हेही पाहिलं होतं. हात धुतले, पदराला पुसले, शाळेच्या खोलीत गेली आणि ताट घेऊन आली. भर पंगतीतून चालत गेली ती, मधोमध, कोणाला बाजूला व्हायला न सांगता. आनंदाबाईंच्या पुढे ते ताट ठेवलं आणि समोर उकिडवी बसली.

"हे तरी चालन का, बाई? हे तुमचंच आहे."

आनंदाबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. ठिपक्यांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरलं, रूपराव या नावावर येऊन थांबलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि समोरचं तोंड पाहिलं.

"रुख्मा?"

"हो."

"तू... त्या दिवशी रडत होती. माह्याहून जास्त."

"भेलती मी. पोरगा उलटा होता. हातात पडला तवा त्यानं माहं नाव नाई इचारलं, बाई. म्याही नाई इचारलं त्याचं."

व्याही रूपराव, पन्नाशीचे, पोट सुटलेले, फेट्यात घामाघूम, कुठूनसे पुढे आले. आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत खाली वाकून रुख्माबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. फेटा घसरला तो तसाच राहिला.

आनंदाबाईंनी मघाचं सारलेलं ताट दोन्ही हातांनी ओढून आपल्यापुढे घेतलं. शकुंतलाबाईचं. बारशाचं ताट त्यांनी शेजारी मांडलं आणि पाटावर सरकून जागा केली.

"त्याच्यात तू जेव," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाले, एकदा तरी जेव त्याच्यात."

रुख्माबाई नको म्हणाली, मोरी कोण पाहील म्हणाली. आनंदाबाईंनी तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शेवटी दोघी एका पाटावर बसल्या. नमिताने आधी त्यांना पोळी वाढली, तेव्हा तिच्या डोळ्यांतला टपोरा थेंब पोळीवर पडला, आणि रुख्माबाई म्हणाली की पोळीत मीठ बरोबर आहे, वरून नको टाकू. पंगत हसली. हसली आणि जेवली. पुढच्या तीन पंगतीही जेवल्या. नावं सगळ्यांनी वाचली, पण आता शोधत होते ते वेगळंच. हे माझ्या आत्याचं, हे आमच्या वडनेरच्या मामींचं, असा कल्ला चालला होता.

शेवटच्या पंगतीला प्रभाकरराव बसले. ताट उचलून वाचलं. मग शेजारच्याचं वाचलं, पलीकडचंही वाचलं. सगळीकडे लांब शेपटीचा र आणि पोटभर गोल ठ. जावळाच्या जेवणातला तो मोठ्या मिशीचा माणूस त्यांच्याच रांगेत होता. तोही जेवला, आणि बुंदी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमिता शाळेच्या व्हरांड्यात ताटं लावत होती. मांडवामागे आज गुरं नव्हती. त्यांना तिथे काही मिळालंच नव्हतं. चारशे ताटं रचून झाली, आणि एक हातात उरलं. तिने पुन्हा रचून पाहिलं. एक जास्तच.

कोरं करकरीत ताट होतं. कडेवर अक्षरं होती, ताजी, हाताला खरखरीत लागणारी. 'नमिता व प्रफुल यांच्या साखरपुड्यानिमित्त.' र ला लांब शेपूट. तारखेची जागा मोकळी.

"हे तुमी नाई कोरलं," ती न वळता म्हणाली. तो मागे उभा आहे हे तिला माहीत होतं.

"बाबांनी. सकाळी मशीन मागून घेतली. पंधरा वर्षांनी हात लावला, पयले दोन ताटं बिघडवले. म्हणत होते, पोरगी काय मागन ते द्याचं कबूल केलं होतं, मागायच्या आधीच देऊन टाकतो, नाई तर दुकानच मागन." तो खांबाला टेकला. "दुकानात स्टीलचे भांडे आणाले वर्ध्याले गेलते आज. अन् जाता जाता मास्तरांकडे चहा पिऊन गेले."

"माह्या बाबांनी काय म्हटलं?"

"म्हणे, तिले पुसा. ती आमचंही ऐकत नाई." तो तिच्या समोर आला. "म्हणून... पुसून राह्यलो. नमिता, मले तू आवडते. त्या वासराच्या दिवसापासून. तारीख सांगशील?"

ती खाली बसली, प्रफुलने परत आणलेली मशीन ओढून घेतली, आणि ताट मांडीवर धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती मशीन धरत होती. घर्रर्र आवाज झाला, सुई घसरली, पाच वाकडा आला आणि महिना पार कडेपर्यंत उतरला. प्रफुल वाकून वाचायला गेला, तर ती एवढी जवळ होती की त्याला आकडे दिसेचनात.

"हे तर पुढल्याच महिन्यात आहे," तो शेवटी म्हणाला.

"मंग? ताटं तर तयारच आहेत."

तिने ते ताट चारशे ताटांच्या थप्पीवर सगळ्यात वर ठेवलं, तारीख बाहेरून दिसेल असं, आणि खोलीला कुलूप न लावताच दोघं बाजारओळीकडे निघाली.